हिंगुळाची परीक्षा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते रसवैद्य होते. पारा, गंधक, अभ्रक, हरताळ यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. वैद्यकी मला येत नाही आणि या व्यासपीठावरून कुणाला औषध सांगण्याचा माझा विचारही नाही. मग बोलायचे कशावर? रसवैद्यांच्या खलात जो पदार्थ वारंवार पडतो त्याने हिमालयाच्या पलीकडे काय काय केले, ते सांगावे असे ठरवले. तो पदार्थ म्हणजे हिंगूळ. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षे आणि तिबेटात सातशेहून अधिक वर्षे हिंगूळ आणि त्यातून निघणारा पारा औषध म्हणून पोटात घेतला गेला आहे. आजही घेतला जातो.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. रंग लालभडक; आकाराच्या मानाने हाताला चांगलाच जड लागतो. शुद्ध हिंगुळाच्या शंभर भाग वजनात ८६ भाग नुसता पारा असतो. चीनमध्ये त्याला झूशा म्हणतात. हुनान प्रांतातल्या जुन्या चेनझोउ भागातला हिंगूळ उत्तम अशी त्याची ख्याती होती, आणि ग्वेइझोउ प्रांतात त्याच्या मोठ्या खाणी होत्या. सम्राटांनी अर्जांवर मारलेले लाल शेरे हिंगुळाच्या शाईतले. चित्रकाराच्या सहीशेजारचा लाल शिक्काही हिंगुळाचाच. ज्या वस्तूला दरबारात एवढा मान ती औषधांच्या पंगतीतही वरच्या पाटावर बसली, यात नवल नाही.

हान काळाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘शेनोंग बेनत्साओ जिंग’ या ग्रंथात ३६५ औषधे तीन वर्गांत मांडलेली आहेत. वरच्या वर्गातली औषधे बिनविषारी, कितीही दिवस घ्यावीत, त्यांनी आयुष्य वाढते, असे तिथे मानले आहे. या वरच्या वर्गात अग्रभागी हिंगूळ आहे. चिनी वैद्यकाच्या दृष्टीने त्याला कारणही होते. लाल रंग अग्नीचा, अग्नी हृदयाचा, आणि हृदयात मनाचा वास. म्हणून हिंगूळ छातीतल्या धडधडीवर, झोप न येण्यावर, फेफऱ्यावर आणि लहान मुलांच्या आचक्यांवर दिला जाई. तेराव्या शतकात ली दोंगयुआन याने मन शांत करणारी जी हिंगुळाची गोळी सांगितली, तिचे नाव आजही चिनी वैद्यांच्या तोंडी आहे. वू जुतोंग याच्या १७९८ च्या तापावरील ग्रंथात एक प्रसिद्ध गोळी आहे. तिच्यात गोरोचन आणि कस्तुरीबरोबर हिंगूळ आणि मनशीळ, म्हणजे सोमल आणि गंधक यांचे संयुग, अशी दोन्ही खनिजे पडतात. तीव्र तापात रुग्ण बेशुद्ध होऊ लागला की ती देत.

हिंगूळ तयार करण्याची त्यांची रीत आपल्या वैद्यांना परकी वाटणार नाही. आधी पूड करायची, तिच्यातून लोहचुंबक फिरवून लोखंडाचे कण काढून टाकायचे. मग पाण्यात खलायचे, वरचे गढूळ लाल पाणी निथळून वेगळे घ्यायचे, खाली राहिलेला रवा पुन्हा खलायचा. निथळलेल्या पाण्याच्या तळाशी जे बसते तेच औषध. एक नियम मात्र कडक: हिंगूळ काढ्यात उकळायचा नाही आणि विस्तवावर धरायचा नाही. गोळीत घालायचा किंवा आयत्या वेळी पूड म्हणून द्यायचा. हा नियम रसायनशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. हवेत तापवला की हिंगुळातला गंधक जळून जातो आणि पारा वाफ होऊन सुटतो. पोटात गेलेल्या हिंगुळाचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. पाऱ्याची वाफ मात्र श्वासावाटे गेली की तिच्यातला बराचसा पारा शरीरात राहतो आणि मेंदूपर्यंत पोचतो.

हीच गोष्ट चौथ्या शतकात ग होंग या माणसाला मोहवून गेली. हिंगूळ तापवला की चंदेरी पाणी मिळते आणि पुन्हा संस्कार केले की त्याचा परत हिंगूळ होतो, हे त्याने नोंदवून ठेवले. वनस्पती जाळली की राख होते, पण हे खनिज जाळले तरी मरत नाही, परत येते. मग जे स्वतः मरत नाही ते खाणाऱ्यालाही मरू देणार नाही, अशी त्याची उडी. उतारवयात त्याने दक्षिणेकडच्या गोउलोउ नावाच्या आडगावाची लहानशी अंमलदारी मागून घेतली, कारण तिथे हिंगूळ सापडतो असे त्याने ऐकले होते. माणूस वेडा म्हणावा तर तसाही नाही. याच ग होंगच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तकात हिवतापावर एका वनस्पतीचा थंड पाण्यातला रस सांगितला होता. त्यावरून सुचलेल्या प्रयोगातून तू योयो यांनी आर्टेमिसिनिन हे औषध शुद्ध स्वरूपात मिळवले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. एकाच लेखणीतून हिवतापाचा उपाय उतरला आणि अमर होण्याची खुळी आशाही. परंपरेची बाजू घेणारा आणि तिला झोडपणारा, दोघांनीही हे लक्षात ठेवावे.

आता मेलेल्यांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा मुद्दा इथेच आहे.

तिसऱ्या शतकात चीनच्या उच्चभ्रू मंडळींत पाच खनिजांची एक पूड खाण्याचे खूळ शिरले. ती घेतली की अंगात आग पेटे, म्हणून थंड अन्न खावे लागे, सैल कपडे घालावे लागत, पायी भटकावे लागे. ॲक्युपंक्चरचा पायाभूत ग्रंथ लिहिणारा हुआंगफू मी हा वैद्यकाचा मोठा पंडितही या पुडीच्या नादी लागला. वर्षानुवर्षे त्याचे इतके हाल झाले की त्याने एकदा हत्यार हाती घेतले आणि चुलतीने समजावले म्हणून तो वाचला, असे त्याच्या चरित्रात आहे. महत्त्वाचे हे की त्याने आपली दशा लपवली नाही. या पुडीने काय काय होते, हे त्याने लिहून ठेवले.

तांग काळात हे खूळ थेट सिंहासनापर्यंत गेले. ८२० ते ८५९ या चाळीस वर्षांत चार सम्राटांच्या मृत्यूशी अमरत्वाच्या औषधांचे नाव जोडले गेले: श्यानझोंग, मूझोंग, वूझोंग आणि श्वानझोंग. पहिला तर औषधाने इतका तापट झाला की अखेर जवळच्या खोजांच्याच हातून मारला गेला, असे इतिहास सांगतो. पहिल्याचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना दुसऱ्याने तेच करावे, याचे आज आश्चर्य वाटते. पण प्रत्येकाचा किमयागार नवा होता आणि प्रत्येक किमयागाराचे म्हणणे एकच होते की आधीच्याला कृती नीट जमली नव्हती. हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

त्याच काळात, ८२३ साली, हान यू या थोर गद्यलेखकाने आपल्या नात्यातल्या एका विद्वानाचा मृत्युलेख लिहिला. हा विद्वान शिसे आणि पारा यांच्यापासून केलेले औषध काही वर्षे घेत होता आणि रक्त पडता पडता मेला. मृत्युलेखात थोरवी सांगायची असते. हान यूने मात्र त्यात आपल्या ओळखीच्या, अशाच औषधाने गेलेल्या बड्या अधिकाऱ्यांची यादीच दिली. कोण, किती दिवस आजारी, काय होत होते, मरताना काय म्हणाला. माझ्या मते औषधाच्या दुष्परिणामांची ही जगातल्या फार जुन्या नोंदींपैकी एक आहे, आणि ती एका साहित्यिकाने थडग्यासाठी लिहिली. (पुढे खुद्द हान यूच गंधक खाऊन गेला अशी वदंता उठली. ती खरी की खोटी यावर विद्वान अजून भांडतात.)

यानंतर सात-साडेसात शतकांनी ली शिचन याने ‘बेनत्साओ गांगमू’ हा महाग्रंथ रचला. तो छापून आला १५९६ च्या सुमारास, लेखकाच्या मृत्यूनंतर. ली शिचन पाऱ्याला औषध मानत होता. फोड, खरूज, कृमी यांवर त्याने त्याचे उपयोग दिले आहेत. पण जुन्या ग्रंथांनी पारा बिनविषारी म्हटला, तो खाऊन माणूस दीर्घायुषी होतो असे लिहिले, याची त्याने खरडपट्टी काढली. अमर होण्याच्या लोभाने पारा खाऊन किती जण कामातून गेले, किती मेले, याची गणतीच नाही, असा त्याचा रोख आहे. किमयागारांचे सोडा, पण औषधांच्या ग्रंथाने तरी बेजबाबदारपणे बोलू नये, असे त्याने बजावले. जुन्या ग्रंथाला मान द्यायचा आणि त्याची चूक उघड दाखवायचीही. परंपरेतला माणूसच हे करू शकला.

आजच्या चिनी औषधसंहितेत हिंगूळ आहे. मात्रा दिवसाला ०.१ ते ०.५ ग्रॅम. जास्त घेऊ नये, फार दिवस घेऊ नये, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेल्यांना देऊ नये, असे इशारेही आहेत. एके काळी ‘कितीही दिवस घ्या’ म्हणून मिरवलेला पदार्थ असा खाली उतरला.

इथे जरा हिशेब करू. मास्तरकीची खोड आहे. ०.५ ग्रॅम हिंगुळात ४३० मिलिग्रॅम पारा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २०१० साली असेंद्रिय पाऱ्यासाठी आठवड्याची मर्यादा ठरवली, ती शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला आठवड्याला २४० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅमही नाही. एका बाजूला दिवसाला ४३० मिलिग्रॅम, दुसऱ्या बाजूला आठवड्याला पाव मिलिग्रॅम. हे आकडे शेजारी ठेवून वर्तमानपत्रात मथळा देता येईल. पण तो अर्धवट ठरेल. ती मर्यादा मर्क्युरिक क्लोराइड या पाण्यात सहज विरघळणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराच्या प्रयोगांवरून काढलेली आहे. हिंगूळ पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तो पोटातून रक्तात जातो, तो हजारात दोन भाग किंवा त्याहून कमी, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून हिंगुळाचे वैद्य जेव्हा म्हणतात की आमचा पारा म्हणजे थर्मामीटरमधला पारा नव्हे आणि जपानमधल्या मिनामाताच्या विषारी माशांतला तर नव्हेच नव्हे, तेव्हा ते बरोबर बोलत असतात.

पण हिशेब इथेही थांबवायचा नसतो. आपण हिंगुळाला सवलत देऊ आणि हजारात एकच भाग रक्तात उतरतो असे धरू. तरी ४३० मिलिग्रॅमचे ४३० मायक्रोग्रॅम रोज अंगात उतरले. आठवड्यात गिळायला परवानगी असलेल्या पाऱ्यापेक्षा हे एका दिवसाचे जास्त आहे. मर्यादा जन्मभराच्या सेवनासाठी असते, हे खरे. तापाने बेशुद्ध पडत चाललेल्या माणसाला दोन-तीन दिवस गोळी दिली तर तिचा न्याय वेगळा. मात्र झोप येत नाही म्हणून महिनोन्महिने हिंगूळ खाणाऱ्याचे मूत्रपिंड हा युक्तिवाद ऐकणार नाही.

आता तिबेटाकडे वळू. तिबेटी वैद्यकाचा, सोवा रिग्पाचा, मूळ ग्रंथ ‘ग्यूशी’ बाराव्या शतकात यूथोक योंतेन गोंपो याच्या परंपरेत आकाराला आला. पाऱ्याची मोठी विद्या तिथे पोचली ती तेराव्या शतकात, ओर्ग्येनपा रिनचेन पेल या फिरत्या योग्यामार्फत, असे तिबेटी परंपरा मानते. हा उड्डियान प्रदेशापर्यंत, म्हणजे आजच्या स्वात खोऱ्यापर्यंत, जाऊन आला होता. व्याडीच्या नावावर असलेल्या संस्कृत रसग्रंथाचे तिबेटी भाषांतर त्याच परंपरेतले. त्यामुळे या विद्येत आपले जुने सोयरेपण आहे. भारतातल्या रससिद्धांनी जे लिहिले ते तिबेटी भाषेत जपले गेले. इकडे ते संस्कृत ग्रंथ पुन्हा छापखान्यात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, आणि त्यात पुण्याच्या आनंदाश्रमाचा व मुंबईच्या यादवजी त्रिकमजी आचार्यांचा वाटा मोठा.

तिबेटी पद्धतीने सिद्ध केलेल्या पाऱ्याला त्सोथेल म्हणतात. तो करणे म्हणजे एक अनुष्ठानच. पारा तिखट औषधांबरोबर घासायचा, धुवायचा, उकळायचा, पुन्हा धुवायचा. सोने, चांदी, तांबे, लोखंड यांसारख्या आठ धातूंची आणि आठ खनिजांची भस्मे आधी वेगळी तयार करायची आणि मग त्यांच्या संगतीत पारा गंधकाबरोबर खलायचा. हे काम कित्येक आठवडे चालते, त्यात अनेक वैद्य राबतात, मंत्रपठण चालू असते. शेवटी हाती येते ती काळी पूड. पाऱ्याचा एक चकचकीत कणही तिच्यात दिसता कामा नये. आपल्या कज्जलीची ज्यांना ओळख आहे त्यांनी आता मान डोलावली असेल. क्ष-किरणांनी तपासले तर त्सोथेलमध्ये मुख्यतः पाऱ्याचे काळे सल्फाइड सापडते आणि कज्जलीतही तेच. हिंगूळ आणि आपला रससिंदूर यांतले सल्फाइड लाल. घटक तेच, अणूंची रचना वेगळी.

हा त्सोथेल थोड्या प्रमाणात ज्या गोळ्यांत पडतो त्यांना ‘रिनचेन रिलबू’ म्हणतात, म्हणजे रत्नगोळ्या. सगळ्याच रत्नगोळ्यांत तो असतो असे नाही. एकेका गोळीत मोती, पोवळे, केशर धरून कित्येक घटक. गोळी रेशमी कापडात बांधलेली, रंगीत दोऱ्याने आवळलेली, मुद्रा लावलेली. पौर्णिमेसारखा चांगला दिवस पाहून, अंधारात ती फोडून, गरम पाण्यात भिजत ठेवून पहाटे प्यायची. ती रोज घ्यायची नसते, क्वचित घ्यायची असते. मला यातले मुद्रेपेक्षा हे ‘क्वचित’ अधिक मोलाचे वाटते.

त्सोथेल करता येणारे वैद्य कायमच मूठभर होते. तेराव्या दलाई लामांनी १९१६ साली ल्हासात मेनत्सीखांग ही वैद्यक आणि ज्योतिषाची संस्था काढली. ख्येनराब नोर्बू तिचे प्रमुख होते आणि त्यांच्या शिष्यांमार्फत ही विद्या पुढे गेली. १९५९ च्या ल्हासातल्या उठावानंतर त्यातले अनेक जण तुरुंगात गेले. चौदाव्या दलाई लामांचे वैद्य तेनझिन चोद्राक वीसेक वर्षे कैदेत काढून १९८० साली भारतात आले. १९६१ साली धरमशाळेत नव्याने उभ्या राहिलेल्या मेनत्सीखांगमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्सोथेल पुन्हा तयार झाला. गुरूच्या हाताखाली पाहिलेले सगळे त्यांनी एवढी वर्षे ध्यानात जपले होते. स्मरणशक्तीचा हा पराक्रम मला थक्क करतो. पुढे दोन्ही बाजूंनी राजमान्यता आली. चीनने २००६ साली ल्हासातली पारा धुण्याची पद्धत राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतली. भारताने २०१० साली सोवा रिग्पाला कायद्याने मान्यता दिली, आणि लेहमध्ये राष्ट्रीय सोवा रिग्पा संस्था काढण्याचा निर्णय २०१९ साली झाला.

पण त्सोथेल धोक्याचा नाही का, असे विचारले की जे उत्तर येते ते मला अस्वस्थ करते. उत्तर असे की शोधन नीट झाले असेल तर तो अमृत, नीट झाले नसेल तर विष. कुणाला बाधा झाली? मग शोधन नीट झाले नसणार. श्रोतेहो, तांग दरबारातला किमयागारही हेच म्हणत होता. मी दोघांना एका मापाने मोजत नाही. तिबेटी वैद्य हा लोभी किमयागार नव्हे, आणि त्याची प्रक्रिया रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे: मोकळा पारा तिच्यात न विरघळणाऱ्या सल्फाइडमध्ये बांधला जातो. पण जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही ते विधान औषधाला राखू शकत नाही. कृती कशी करावी याची नोंद तिबेटाने अप्रतिम ठेवली. गोळी घेतलेल्या माणसाचे पुढे काय झाले याची नोंद तशी ठेवली गेली नाही. धरमशाळेच्या परिसरात त्सोथेलयुक्त गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांची तपासणी होऊन २००६ साली निबंध आला. त्यात ठळक विषबाधा दिसली नाही, पण रुग्ण मोजके होते. दिलासा म्हणून ठीक, निकाल म्हणून पुरेसा नाही.

परीक्षा कशी असते, याचे उदाहरण हिंगुळाच्या सख्ख्या शेजाऱ्यानेच दिले आहे. तो म्हणजे सोमल. सोमल, मनशीळ आणि हरताळ ही चिनी वैद्यकातली जुनी औषधे. पाचव्या महिन्याच्या पंचमीला मनशीळ घातलेली दारू प्यायची आणि मुलांच्या कपाळाला तिचाच टिळा लावायचा, अशी तिकडची लोकरीत. सापकिरडू दूर राहते म्हणून. ते असो. १९७१ साली ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात हान ताइयुन या औषधनिर्मात्याने एका खेड्यातल्या कर्करोगावरच्या उपायावरून इंजेक्शन तयार केले. त्यात तीन गोष्टी होत्या: सोमल, भेकाचे विष आणि रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे क्लोराइड. डॉक्टर झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रुग्णांवर वापरून काय होते ते टिपून ठेवले. रसकापुराने मूत्रपिंडाला इजा होत होती, भेकाच्या विषाने रक्तदाब चढत होता. म्हणून एकेक घटक काढून पाहिला, तेव्हा गुण सोमलाचाच निघाला. पारा गेला, भेक गेला, सोमल राहिला. मग कोणत्या कर्करोगावर, हाही शोध लागला. रक्ताच्या कर्करोगाचा प्रोमायलोसायटिक नावाचा एक अत्यंत घातक प्रकार आहे. त्यात रुग्ण रक्तस्राव होऊन थोड्या दिवसांत दगावत. नेमक्या त्यावर हे औषध चालले.

पुढे शांघायमध्ये वांग झेनयी आणि चेन झू यांच्या गटाने ते का चालते हे पाहिले. या रोगात दोन जनुके चुकीची जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होते. सोमल त्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेने या औषधाला परवानगी दिली. २०१३ साली इटली आणि जर्मनीतल्या रुग्णांवरची तुलना प्रसिद्ध झाली: जीवनसत्त्व ‘अ’ च्या कुळातले औषध आणि सोमल मिळालेले ९७ टक्के रुग्ण दोन वर्षांनी रोगमुक्त होते, तर तेच औषध आणि नेहमीची केमोथेरपी मिळालेल्यांत ते प्रमाण ८६ टक्के होते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ सालीच एकट्या सोमलावर उपचार केलेल्या ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. केमोथेरपीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांना त्याचा अर्थ फार लवकर कळला.

या औषधाची रोजची मात्रा साधारण १० मिलिग्रॅम. शंभर-दोनशे मिलिग्रॅमने माणूस मरतो. म्हणजे हे औषध बिनविषारी झाले म्हणून मान्य झालेले नाही. ते विषच आहे, आणि ते देताना वारंवार रक्त पाहतात, हृदयाचा आलेख काढतात. मान्य झाले ते नोंदींमुळे. ज्या दिवशी रसकापुराने मूत्रपिंड बिघडले त्या दिवशी तिथे कुणी म्हणाले नाही की रसकापूर नीट शोधलेला नव्हता.

हिंगुळाची एक किंमत रुग्णाच्या शरीराबाहेरही चुकवली गेली. ग्वेइझोउमधले वानशान ‘पाऱ्याची राजधानी’ म्हणून ओळखले जाई. शतकानुशतके खणून, भाजून, या शतकाच्या आरंभी खाण बंद पडली. मागे राहिले पारा मुरलेल्या मातीचे ढीग आणि ओढे. तिथल्या शास्त्रज्ञांना आढळले की त्या भागातल्या गावकऱ्यांच्या अंगात घातक मिथिल पारा जातो तो मुख्यतः भातातून. मासे तिथे फारसे खाल्लेच जात नाहीत. पाणथळ खाचरातले जिवाणू मातीतल्या पाऱ्याचे रूप बदलतात आणि दाण्यात तो उतरतो. भातखाऊ कोकणातल्या श्रोत्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. २०१३ साली झालेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेला मिनामाता करार पाऱ्याच्या वापराला जगभर आळा घालतो, पण पारंपरिक आणि धार्मिक उपयोगाच्या वस्तूंना त्याने बंदीच्या यादीतून वगळले आहे. चीन आपल्या पाऱ्याच्या खाणी २०३२ पर्यंत बंद करणार आहे. भारतानेही २०१८ साली हा करार मंजूर केला. पारंपरिक उपयोगाची ही सवलत रसवैद्यांना मिळालेली मुदत आहे, तो कायमचा दाखला नव्हे.

मुदत एवढ्यासाठी म्हणतो की तपासणारे बसून राहिलेले नाहीत. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. रसौषधांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. आपल्याकडे यावर दोनच प्रतिक्रिया उमटल्या. एक, हे सगळे विष आहे, बंद करा. दुसरी, हा परकीयांचा डाव आहे. पाऱ्याचे कोणते संयुग, किती विरघळणारे, किती दिवस घेतलेले आणि घेणाऱ्याचे मूत्रपिंड आज कसे आहे, हे प्रश्न विचारायला दोन्ही बाजूंना सवड नव्हती.

महाराष्ट्रातल्या रसवैद्यांना माझी विनंती आहे ती एवढीच. पाऱ्याचे औषध सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या लघवीतला पारा आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासा. औषध चालू असताना तपासा, बंद केल्यावर तीन महिन्यांनी तपासा. आकडे वहीत लिहा आणि छापा. ज्याला गुण आला त्याचे छापा, नाही आला त्याचेही छापा, आणि ज्याला बाधा झाली त्याचे सर्वांत आधी छापा. रसशाळेत खलावर आणि भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांचीही तपासणी करा. रुग्ण महिनाभर औषध घेतो, ते जन्मभर त्या वाफेत उभे असतात. एका जिल्ह्यातल्या दहा वैद्यांनी पाच वर्षे हे केले तरी धरमशाळेला, ल्हासाला आणि बीजिंगला ज्याची उणीव आहे ती नोंद आपल्यापाशी असेल.

आणि श्रोतेहो, तुम्हाला तीन गोष्टी. ज्या पुडीवर घटक, मात्रा आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापलेला नाही ती घेऊ नका. गर्भारपणात, लहान मुलांना आणि मूत्रपिंडाचा विकार असताना पाऱ्याचे औषध देऊ-घेऊ नका. आणि घेत असाल, तर ते तुमच्या डॉक्टरांपासून लपवू नका.